प्रश्न सातवा

टाम्पेरेच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकीकडे पाठ करून मी बसते
आणि देशाला फोन लावते.
देश एकेकट्याने उचलतो.

प्रश्न सातवा : दिवसातून किती वेळा?
पलीकडे कुणी खोकतं,
कुणी रेडिओ बारीक करतं,
कुणी दार लावून घेतं, मग बोलतं.

कुहमोचा वेइक्को लाकडाचा ट्रक चालवतो.
म्हणाला, वेळा नका विचारू, किलोमीटर विचारा.
सीमेपर्यंतच्या रस्त्यावरचा एकूण एक आडोसा त्याला पाठ,
उणे अठ्ठावीसात इंजिन चालू ठेवून
कुठे कमरेपर्यंत रुततं, कुठे घोट्यापर्यंत.
याला खाना नाही.
मी लिहिलं : नऊ.

नार्पेसची सिग्ने टोमॅटोच्या काचघरात काम करते.
तिला वर्षातून एकदा, बर्चला पालवी फुटायच्या सुमारास,
थोडं रक्त. पंधरा दिवस. मग काहीच नाही.
स्वीडिश वळणाने, हळू, जवळजवळ माफी मागत म्हणाली,
मला आजारी म्हणवून घ्यायची लाज वाटते हो.
वेइक्कोच्या आणि तिच्या कागदावर
आजाराचं नाव एकच आहे, त्याच टंकात.

पेंट्टीने लेकीच्या हट्टापायी सिगारेट सोडली.
आठव्या महिन्यात हे सुरू झालं.
लेकीला सांगितलंत? मी विचारलं. (हा प्रश्न यादीत नाही.)
नाही, म्हणाला. ती फार खूश आहे.

इनारीची आइले म्हणाली, थांब, रेनडिअर मोजतेय,
आणि मी अकरा मिनिटं तिचं मोजणं ऐकत राहिले,
सामी भाषेतले आकडे, एक कुत्रा, वारा.
मग म्हणाली, कळपाचा आकडा आम्ही कुणाला सांगत नाही,
तू तर त्याहून खाजगी विचारतेस.
शेवटी सांगितला. कळपाचा नव्हे.

वांताचा अब्दिरिसाक, सतरा वर्षांचा.
त्याचं मोठं आतडं काढून टाकलंय गेल्या मार्चमध्ये.
प्रश्न सातवा मला लागू नाही, म्हणाला,
सोमाली आईला मागून काहीतरी ओरडून सांगत, हसत,
पुढचा विचारा. आठवा काय आहे?
आठवा होता : प्रश्न सातव्याचा झोपेवर परिणाम होतो का.

संध्याकाळी संख्याशास्त्राच्या हेंरिक्सनबाई सरासरी काढतात.
चार पूर्णांक तीन दशांश.
मी हळूच विचारते, ते तीन दशांश कोण जातं?
त्या चष्म्यावरून बघतात.
साऱ्या फिनलंडचं पोट त्यांना एका वक्ररेषेत बसवायचंय
आणि मार्चअखेर जवळ आलीय.

मग गुरुवारी यादीत योर्माचं नाव आलं.
नियमाप्रमाणे ती फाइल मी मेर्वीकडे द्यायला हवी होती.
एकाच विहिरीचं पाणी प्यायलो आम्ही,
राईच्या एकाच पावाचा कडक काठ कुणाला, यावरून भांडलो,
आईची नाकं दोघांनाही.
मला काही नाही. त्याला तेविसाव्या वर्षापासून.
का, ते आमच्या नोंदवहीत कुठेही लिहिलेलं नाही.

मी अधिकाऱ्याच्या आवाजात सुरुवात केली.
त्यानेही ओळख दाखवली नाही.
पत्ता. वजन. औषधं, स्टेरॉइड, कधी थांबवले.
दिवसातून किती वेळा?

दोन, म्हणाला.

जुलैत तळ्याकाठच्या खोपटात आम्ही एक आठवडा होतो.
बाहेरच्या संडासाच्या दाराची बिजागरी गंजलेली.
रात्र तिथे होतच नाही, पडद्यातून उजेड झिरपत राहतो,
मी पडून राहायचे डोळे मिटून
आणि बिजागरी मोजायचे.
पाच. सहा. पहाटे पुन्हा.
सकाळी तो कॉफी ओतताना म्हणायचा, मस्त झोप लागली.

आतड्याचं माणूस खोटं बोललं तर
ते कुठल्या रंगाच्या शाईने दुरुस्त करायचं,
प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.

मी लिहिलं : दोन.
मग विचारलं, यंदा जुलैत येशील?
हा कितवा प्रश्न, त्याने विचारलं.

शेवटचा, म्हटलं.
येईन, म्हणाला. आणि थोडं थांबून,
तेल घेऊन ये. त्या बिजागरीला.